फवारी फेस निरोधन
घराच्या भिंती, छप्पर वा तळघर यांच्या पृष्ठभागावर दोन द्रव रसायनांचे मिश्रण फवारून जागच्या जागी तयार करण्यात येणाऱ्या फेसाळ प्लॅस्टिकाच्या उष्णतानिरोधक थरास फवारी फेस निरोधन म्हणतात. हा फेस मुख्यत्वे पॉलियुरेथेन या बहुवारिकाचा असतो. फवारल्यावर तो काही सेकंदांत फुगतो, फटींत शिरतो व पृष्ठभागास घट्ट चिकटून कठीण होतो. त्यामुळे उष्णतेचे संवहन व हवेची गळती या दोन्हींस तो एकाच वेळी रोध करतो. काचतंतूंच्या गाद्यांना हे साधत नाही. लाकडी सांगाड्याची घरे बांधण्याची प्रथा असलेल्या अमेरिका व कॅनडा या देशांत त्याचा घरांसाठी मोठा वापर होतो.

इतिहास : ऑटो बायर व त्यांचे सहकारी यांनी १९३७ मध्ये जर्मनीत पॉलियुरेथेनाचा शोध लावला. १९७३ नंतरच्या इंधनटंचाईच्या काळात जुन्या घरांच्या पोकळ भिंतींत यूरिया-फॉर्माल्डिहाइडाचा फेस भरण्याची पद्धत उत्तर अमेरिकेत रूढ झाली होती. परंतु त्यातून फॉर्माल्डिहाइड वायू सुटत असल्याने कॅनडाने १९८० मध्ये त्यावर बंदी घातली. हा फेस व प्रस्तुतचा पॉलियुरेथेन फेस ही रासायनिक दृष्ट्या भिन्न द्रव्ये आहेत.

घटक व प्रक्रिया : एका पिंपात आयसोसायनेट असते. दुसऱ्यात पॉलिऑल, उत्प्रेरक, ज्वालारोधक व फुगविणारे द्रव्य यांचे मिश्रण असते. हे द्रव तापवून, उच्च दाबाने व सामान्यतः समान घनफळाने फवाऱ्याच्या तोंडाशी एकत्र आणतात. विक्रिया उष्णतादायी असते. म्हणून थर एकदम जाड न देता टप्प्याटप्प्याने देतात. अन्यथा आतील भाग करपतो, प्रसंगी पेट घेतो. प्रमाण बिघडल्यास किंवा पृष्ठभाग ओला वा फार थंड असल्यास फेस आक्रसतो, सुटून येतो वा त्यास दीर्घकाळ दुर्गंधी येते. याचा अर्थ असा की, हे निरोधक द्रव्य कारखान्यात नव्हे, तर प्रत्यक्ष घरातच तयार होते व त्याचा दर्जा फवारणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असतो.

प्रकार : (१) खुल्या कोष्ठांचा फेस : घनता सु. ८ किग्रॅ./घ.मी. आयसोसायनेट व पाणी यांच्या विक्रियेतून निघणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडामुळे तो मूळ घनफळाच्या सु. १०० पट फुगतो. कोष्ठांच्या भित्ती फुटलेल्या असल्याने त्यांत हवा भरते. संवाहकता सु. ०·०३९ वॉट/मी. केल्विन. तो मऊ असून आवाज चांगला शोषतो. परंतु पाणी धरून ठेवतो व बाष्प सहज आरपार जाऊ देतो. (२) बंद कोष्ठांचा फेस : घनता सु. ३२ किग्रॅ./घ.मी. कोष्ठांत अल्प संवाहकतेचा वायू कोंडलेला असल्याने संवाहकता सु. ०·०२४ वॉट/मी. केल्विन इतकी कमी असते. कालांतराने कोष्ठांत हवा शिरून ती थोडी वाढते; म्हणून तुलना नेहमी मुरलेल्या फेसाच्या मूल्यांवरून करावी. हा फेस ताठ असतो, पाणी शोषत नाही व सु. ५ सेंमी. जाडीस बाष्परोधकाचे कार्य करतो. (३) छपरावरील फेस : बंद कोष्ठांचाच, परंतु पायरव सोसण्याइतका अधिक घन. (४) डब्यातील एकघटकी फेस : हवेतील आर्द्रतेने घट्ट होणारा, दारेखिडक्यांच्या चौकटींभोवतीच्या फटींपुरता उपयुक्त.

निवड : समान औष्णिक रोधासाठी बंद कोष्ठांच्या फेसाची जाडी खुल्या कोष्ठांच्या फेसाच्या सु. ०·६ पट पुरते. मात्र घनता चौपट असल्याने द्रव्य सु. अडीच पट लागते. म्हणूनच तो महाग पडतो. जागा अपुरी असेल तेथे हा खर्च सार्थ ठरतो. पोटमाळ्यासारख्या प्रशस्त जागी खुल्या कोष्ठांचा जाड थर स्वस्तात तेच काम करतो. तळघराच्या व पाण्याच्या संपर्कातील भिंतींना बंद कोष्ठांचाच फेस लावतात.

निर्णायक प्रश्न बाष्पाचा असतो. अतिथंड प्रदेशात घरातील उबदार दमट हवेतील बाष्प खुल्या कोष्ठांतून छपराच्या थंड फळ्यांपर्यंत पोहोचते व तेथे द्रवते. लाकूड सतत ओले राहून कुजते. अशा ठिकाणी बंद कोष्ठांचा फेस वा आतील बाजूस वेगळा बाष्परोधक आवश्यक असतो. उलटपक्षी, छप्पर गळत असल्यास बंद कोष्ठांचा फेस ती गळती झाकून ठेवतो. खुल्या कोष्ठांतून पाणी पाझरून दोष लवकर उघड होतो. लाकडास चिकटलेला फेस काढणे अत्यंत कष्टाचे असल्याने ही चूक सहजी सुधारता येत नाही. ब्रिटनमध्ये छपराच्या वाशांवर फेस फवारलेल्या घरांना तारण कर्ज देण्यास अनेक संस्था नाखूष असतात, त्याचे कारण हेच. वाशांची स्थिती तपासताच येत नाही.

धोके व दक्षता : आयसोसायनेटाच्या वाफांमुळे दमा जडू शकतो. त्यामुळे कामगारांना बाहेरून शुद्ध हवा पुरविणारे मुखवटे आवश्यक असतात व रहिवाशांनी फवारणीच्या वेळी आणि नंतर सामान्यतः किमान २४ तास घराबाहेर राहावे लागते. फेस ज्वलनशील असून त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू असतात. राहत्या खोलीत तो उघडा न ठेवता सु. १२·५ मिमी. जाडीच्या जिप्सम बोर्डाने झाकतात. फटी बुजल्याने घरात शुद्ध हवा कमी येते. म्हणून यांत्रिक वायुवीजनाची सोय करावी लागते.

फुगविणारी द्रव्ये : बंद कोष्ठांसाठी पूर्वी वापरली जाणारी क्लोरोफ्ल्युओरोकार्बने ओझोन थरास घातक ठरल्याने १९८७ च्या माँट्रिऑल करारानंतर क्रमाने बंद झाली. त्यांच्या जागी आलेली काही हायड्रोफ्ल्युओरोकार्बने ओझोनास निरुपद्रवी, परंतु कार्बन डाय-ऑक्साइडाच्या शेकडो पट तापनक्षम आहेत. अलीकडील हायड्रोफ्ल्युओरोओलेफिने या दोन्ही दृष्टींनी सौम्य आहेत. भारताने एचसीएफसी-१४१बी या द्रव्याचा वापर १ जानेवारी २०२० पासून थांबविला.

भारतातील उपयोग : विटा व काँक्रीट यांच्या भरीव भिंतींत फेस भरण्यास पोकळी नसते. येथे ‘पफ’ या नावाने ओळखला जाणारा बंद कोष्ठांचा फेस शीतगृहांत व गच्चीच्या स्लॅबवर फवारतात. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांनी त्याचा पृष्ठभाग पिवळा पडून भुगा होतो. म्हणून त्यावर संरक्षक लेप वा काँक्रीटचा थर देतात. पावसात उघड्या राहणाऱ्या गच्चीवर खुल्या कोष्ठांचा फेस पाणी शोषून निरुपयोगी ठरतो.