पश्चात्ताप आणि आज्ञापालन : पंडिता रमाबाईंच्या जीवनाच्या संदर्भात

'पश्चात्ताप' हा शब्द 'पश्चात्' आणि 'ताप' या पदांनी सिद्ध होतो. कृत्य घडून गेल्यावर मनाला होणारा दाह, एवढाच त्याचा शब्दार्थ होय. बायबलच्या नव्या करारातील 'मेटानोइया' या ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र मनाचे परिवर्तन असा, तर जुन्या करारातील 'शूव' या हिब्रू धातूचा अर्थ परत फिरणे असा आहे. ख्रिस्ती विचारात दाहापेक्षा दिशेला महत्त्व आहे, हे मराठी वाचकाच्या ध्यानी सहसा येत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायात दोन पुत्रांचा दाखला आहे. पिता दोघांनाही द्राक्षमळ्यात कामास जाण्याची आज्ञा करतो. एक नकार देतो, पण नंतर पस्तावून जातो; दुसरा होकार देतो आणि जात नाही. येथे पस्तावण्यासाठी योजलेले ग्रीक क्रियापदच २७ व्या अध्यायात विश्वासघातकी यहूदासाठी आले आहे. यहूदाचे दुःख खोटे नव्हते; त्याने चांदीची तीस नाणीही परत केली. पण पुत्र मळ्याकडे गेला आणि यहूदाने गळफास घेतला. दुःख तेच असूनही पुढचे पाऊल भिन्न पडले, आणि त्या पावलालाच आज्ञापालन म्हणतात.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तथापि १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात त्यांनी प्रांजळपणे नमूद केले आहे की, त्या वेळी आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त लाभला नव्हता. पापक्षमा स्वप्रयत्नाने मिळवावयाची नसून ती स्वीकारावयाची असते, ही जाणीव त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी झाली. धर्मांतर आणि मनःपरिवर्तन या दोन घटना एकच मानणाऱ्या टीकाकारांनी व समर्थकांनी हा कालावधी पुरेसा विचारात घेतलेला दिसत नाही.

संपूर्ण आज्ञापालन म्हणजे धर्माधिकाऱ्यांपुढे मान तुकविणे नव्हे, हेही रमाबाईंच्या चरित्रातून स्पष्ट होते. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात (हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला) त्रैक्याच्या सिद्धान्तापासून क्रुसावरील लॅटिन अक्षरांपर्यंत अनेक मुद्द्यांवर वाद आहे. लॅटिनपेक्षा आपली संस्कृत कोणत्या बाबतीत उणी, असा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. सदसद्विवेक गहाण टाकून केलेले पालन त्यांना ईश्वराचे पालन वाटत नव्हते. त्यांना हट्टी ठरविणाऱ्यांची भूमिका म्हणूनच एकांगी वाटते.

१९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती सदनात झालेल्या आध्यात्मिक जागृतीत मुली अश्रू ढाळून पापे कबूल करीत. त्या भावावेगाची चर्चा पुष्कळ झाली आहे. मात्र त्याच केडगावात दुष्काळग्रस्त मुलींना अन्न, शिक्षण आणि कसब देण्याचे काम आधीपासून चालू होते व पुढेही चालू राहिले, याकडे तुलनेने कमी लक्ष जाते. रमाबाई स्वतः हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि अल्पशिक्षित स्त्रियांनाही कळेल अशा सोप्या मराठीत त्यांनी संपूर्ण बायबलचा अनुवाद हाती घेतला. छपाईचे काम मुक्तीतील स्त्रियांनीच केले. अनुवाद पुरा करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.