फ्रँकची कमाई, फ्रँकचा खर्च

स्वित्झर्लंडचे नाव निघाले की लोकांना बर्फाचे डोंगर, चॉकलेट आणि बँकेची खाती आठवतात. आम्हा कापडवाल्यांना मात्र सुल्झर माग आठवतो. विंटरथूरच्या सुल्झर कंपनीचे हे बिनधोट्याचे माग १९५३ च्या सुमारास बाजारात आले. पुढे तिकडे जुने झालेले माग आमच्या भिवंडी-इचलकरंजीत येऊन खडखडू लागले. त्याच विंटरथूरच्या व्होल्कार्ट बंधूंनी १८५१ साली आपली पेढी आपल्या गावी आणि मुंबईत एकदमच उघडली होती. आमच्या मुलखाचा कापूस त्यांनी युरोपात नेला आणि १९५४ साली टाटांबरोबर व्होल्टास काढली. म्हणजे हा देश आमच्या धंद्याला परका नाही.

आता त्याची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. १ जानेवारी २०२४ पासून स्वित्झर्लंडने कारखानी मालावरील आयात जकात साऱ्या जगासाठी काढून टाकली. त्यात कापड व तयार कपडेही आले. १० मार्च २०२४ रोजी भारताने स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिक्टेनस्टाईन या चार देशांशी व्यापार करार केला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तो अमलात आला. तेव्हापासून व्यापारी बांधव आम्हाला दोन गोष्टी विचारतात. तिथे माल पाठवावा का? आणि, एक एजंट म्हणतो की मुलाला तिथल्या हॉटेलात महिना चार लाखांची नोकरी लावतो, तर पैसे भरावे का?

दुसरा सवाल अगोदर घेऊ, कारण त्यात घरे बुडतात.

चार लाखांचा आकडा खोटा नाही, आणि गंमत तिथेच आहे. हॉटेल-रेस्टॉरंटात काहीही न शिकलेल्या कामगाराला तिथल्या सामूहिक कराराप्रमाणे २०२५ साली महिना सुमारे ३,७०० फ्रँक द्यावेच लागत होते. वर तेराव्या महिन्याचा पगारही असतो. एका फ्रँकला आज शंभराच्या वर रुपये पडतात, म्हणजे गुणाकार बरोबर आहे. पण फ्रँकमध्ये कमावणाऱ्याचा खर्चही फ्रँकमध्येच होतो, हे एजंट सांगत नाही.

हिशेब मांडून पाहा. पेन्शन, विमा आणि कर मिळून पाच-सहाशे फ्रँक हातात येण्यापूर्वीच कापले जातात. आरोग्य विमा १९९६ पासून प्रत्येकाला सक्तीचा आहे. तो मालक भरत नाही, पगारावर ठरत नाही, माणशी ठरतो; तान्ह्या मुलाचाही हप्ता वेगळा. २०२५ साली लहानथोर सर्वांची सरासरी धरली तर माणशी महिना ३७८ फ्रँक पडत होते. एवढे भरूनही डॉक्टरकडे गेल्यावर वर्षातले पहिले निदान ३०० फ्रँक ज्याचे त्याने द्यायचे. हप्ता कमी हवा असेल तर हीच रक्कम २,५०० पर्यंत वाढवून घ्यावी लागते. गरीब माणूस हप्ता वाचवायला मोठी रक्कम निवडतो आणि मग दाढ दुखली तरी सोसतो. दाताचा खर्च तर या विम्यात सहसा बसतच नाही.

मग घर. झुरिच शहरात २०२४ साली दर हजारी एक घरसुद्धा रिकामे नव्हते. कुटुंबाला राहण्याजोगी जागा दोन हजार फ्रँकच्या आत मिळाली तर नशीब म्हणायचे. एकटा जीव कोणाच्या घरात एक खोली घेऊन आठशे-हजारात भागवतो. घरी रांधून खाल्ले तर पाचशे, येणेजाणे आणि टेलिफोन दीडशे. अशा काटकसरीत एकट्याचे हजारेक फ्रँक उरतील. बिवी-मुलांना नेले तर याच पगारात महिन्याच्या विसाव्या दिवशी खिसा रिकामा. लहान मूल पाळणाघरात ठेवायचे तर शहरात दिवसाला शंभराच्या वर फ्रँक. कचरा टाकायचा तरी नगरपालिकेची शिक्क्याची पिशवी विकत घ्यावी लागते. पस्तीस लिटरच्या एका पिशवीला दीड-दोन फ्रँक!

आणि हे सगळे नोकरी लागली तर. युरोपीय संघ व एफ्टा देशांबाहेरच्या साऱ्या जगातून वर्षाला केवळ ८,५०० कामगार परवाने, तेही शिकलेल्या तज्ज्ञांसाठी आणि मालकाने इथे वा युरोपात माणूस मिळत नाही हे दाखवल्यावर. वेटर किंवा भांडी धुणाऱ्यासाठी भारतातून माणूस नेण्याची वाट जवळजवळ बंदच आहे. तेव्हा अशा नोकरीसाठी लाख-दोन लाख आगाऊ मागणाऱ्या एजंटाला दारातूनच सलाम करावा.

आता हा देश इतका महाग का? आमच्याकडे समजूत अशी, की श्रीमंत लोक आहेत, उधळतात, म्हणून भाव चढतात. तसे नाही. तिथे सर्वात महाग वस्तू म्हणजे माणसाचा हात. २०१४ साली देशभर तासाला २२ फ्रँक किमान मजुरी ठेवावी की नाही यावर जनमत घेतले, तेव्हा लोकांनीच ते मोठ्या फरकाने फेटाळले. पण जिनिव्हाने २०२० साली आपल्यापुरता २३ फ्रँकचा दर ठरवला. न्हाव्यापासून नळवाल्यापर्यंत ज्याच्या कामात हात लागतो ते सारे महाग. मशीनवर निघालेला माल त्या मानाने स्वस्त. कॉफीचा एक कप पाच फ्रँकच्या घरात जातो, तो कॉफीच्या दाण्यामुळे नव्हे. कप आणून देणाऱ्याची मजुरी आणि दुकानाचे भाडे त्यात असते.

खाण्याचे कारण निराळे. डोंगराळ जमीन, लहान शेते, आणि शेतकरी जगला पाहिजे हा सरकारचा हट्ट. कारखानी मालावरची जकात काढली, शेतमालावरची मात्र ठेवली. मांसाचा भाव युरोपीय संघाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे. आमच्या लोकांना त्यात आणखी एक अडचण. जनावर बेशुद्ध न करता कापण्याला तिथे १८९३ सालच्या जनमताने बंदी आली, ती आजही आहे. म्हणून असे हलाल गोश्त बाहेरून येते, आणि त्या आयातीलाही कोटा आहे. जाता जाता एक गोष्ट सांगतो. तिथली सर्वात मोठी किराणा संस्था मिग्रो. गॉटलिब डुटवायलर यांनी १९२५ साली पाच मोटारगाड्यांवर साखर, तांदूळ, साबण असे सहा जिन्नस घरोघर स्वस्तात विकून ती सुरू केली. तिच्या सुपरमार्केटात आजही दारू मिळत नाही. २०२२ साली सभासदांचे मत घेतले, तेव्हाही त्यांनी नकोच म्हटले. अर्थात त्याच समूहाच्या दुसऱ्या नावाच्या दुकानांत ती मिळते. व्यापारी शेवटी व्यापारीच!

तिसरे कारण आमच्या पेशातले आहे. परदेशी कंपनी स्विस गिऱ्हाइकाला तोच माल चढ्या भावाने देते, कारण त्याच्या खिशात पैसे आहेत हे तिला ठाऊक असते. एकाच मासिकावर जर्मनीची किंमत वेगळी, स्वित्झर्लंडची वेगळी, दोन्ही शेजारी शेजारी छापलेल्या. १५ जानेवारी २०१५ रोजी तिथल्या मध्यवर्ती बँकेने युरोशी बांधलेला १.२० चा दर सोडला आणि फ्रँक एका दिवसात उसळला. आयात माल तेवढाच स्वस्त व्हायला हवा होता. पण सोल एजंट लोकांनी दर उतरवायला फार हात आखडला. अखेर १ जानेवारी २०२२ पासून कायदा आला, की अडलेल्या दुकानदाराला परदेशातील भावाने माल घेऊ न देणे हा गैरवापर.

गिऱ्हाईक मात्र कायद्याची वाट पाहत बसले नाही. सीमेपलीकडे जर्मनीचे कोन्स्टान्झ आहे. शनिवारी स्विस कुटुंबे तिथे जाऊन पिशव्या भरतात, वर जर्मन विक्रीकर परत मागतात. म्हणून २०२५ पासून माणशी दिवसाला ३०० ऐवजी १५० फ्रँकचाच माल करावाचून आणता येतो. गोश्त माणशी एक किलो.

तरी एक मान्य केले पाहिजे. महाग असणे वेगळे आणि भाव रोज चढणे वेगळे. २०२२ साली युरोच्या मुलखात भाव आठ टक्क्यांहून अधिक चढले, स्वित्झर्लंडमध्ये तीन टक्क्यांच्या आत. तिथला दुकानदार सहा महिन्यांचा भाव छातीठोक देतो. आमच्याकडे सुताचा भाव आठवडाभर टिकत नाही. अर्थात म्हाताऱ्यांना त्याने पोट भरत नाही. मार्च २०२४ मध्ये लोकांनी मतदान करून पेन्शनचा तेरावा हप्ता मंजूर केला, तो डिसेंबर २०२६ पासून द्यायचा ठरला. विम्याचा हप्ता उत्पन्नाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये ही मागणी त्याच वर्षी जूनमध्ये फेटाळली गेली.

राहिला माल पाठवण्याचा सवाल. पाठवावा, पण स्वस्ताईच्या जोरावर नको. स्वस्त माल बांगलादेश आणि चीन पुरवतात, आणि जकात त्यांनाही माफ आहे. यंत्रावरच्या भरतकामाचे तर ते उस्ताद. शिफली यंत्र १८६३ साली तिथल्याच इझाक ग्रोब्ली यांनी काढले, आणि पहिल्या महायुद्धापूर्वी सेंट गॅलनकडचे भरतकाम हा त्या देशाचा सर्वात मोठा निर्यात धंदा होता. त्यांना घरी परवडत नाही ते हातकाम: जरदोजी, कांथा, हाताचा ठसा. जो कारागीर दिवसभर अड्ड्यावर बसतो त्याच्या कामाचा भाव सांगताना तिथल्या एका तासाचा दर ध्यानात ठेवावा, आणि मिळेल त्यातला वाढीव हिस्सा त्या कारागिरापर्यंत पोचवावा.

तयार कपडा पाठवणाऱ्यांनी मापाकडे विशेष लक्ष द्यावे. बाही आखूड करून घ्यायची तर तिथला शिंपी वीस-तीस फ्रँक घेतो. तेवढ्यात बाजारात नवा शर्ट येतो. म्हणून माप चुकलेला कपडा तिथे कोणी दुरुस्त करून वापरत नाही, दुकानात परत देतो, आणि दुकानदार तो तुमच्या नावे वजा करतो. इंचाची पट्टी बाजूला ठेवून सेंटिमीटरचा तक्ता आधी मागवून घ्यावा. धुतल्यावर कापड किती आटते तेही लिहून पाठवावे.