हरलं कोण? खेळाडू की कोच?

आमच्या दिघीत कबड्डीची मॅच हरली की दोन पार्ट्या ठरलेल्या. एक म्हणते, "पोरांनी माती खाल्ली." दुसरी म्हणते, "कोचला अक्कलच नाही." आवाज दोघांचा मोठा, पुरावा कुणाकडेच नाही! मित्रांनो, मशीन बंद पडली की आपण फॉल्ट कुठे आहे ते शोधतो. इथेही तसंच करून पाहू.

उदाहरण घेऊ २०१८ च्या जकार्ता एशियाडचं. १९९० पासून पुरुष कबड्डीचं प्रत्येक सुवर्ण भारताचं होतं. पण त्या वर्षी गटात दक्षिण कोरियाने आपल्याला २४-२३ असं हरवलं आणि तीनच दिवसांनी उपांत्य सामन्यात इराणने २७-१८. दुसऱ्या दिवशी महिलांची फायनलही इराणनेच जिंकली, २७-२४. गंमत म्हणजे त्या इराणी मुलींच्या कोच होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन!

झालं, कोचवाल्यांना मुद्दा मिळाला. पण थांबा. २०१४ च्या फायनलमध्येही भारतासमोर इराणच्याच मुली होत्या. म्हणजे टीममध्ये दम आधीपासून होता. चांगला कोच असलेल्या ताकदीला धार लावतो, शून्यातून ताकद निर्माण करत नाही.

मग वाटणी कशी करायची? माझ्या मते एकच प्रश्न विचारावा: निर्णय कुणाच्या हातात होता? चढाई ३० सेकंदांची. बोनस घ्यायचा की परतायचं, हे त्या क्षणी चढाई करणाराच ठरवतो. तिथे कोच ओरडण्यापलीकडे काही करू शकत नाही. पण कुणाला खेळवायचं, टाइमआउट कधी घ्यायचा, समोरच्याच्या पकडीचा अभ्यास करायचा की नाही, हे बेंचचं काम. कोरियाविरुद्धचा एका गुणाचा पराभव हा फीडबॅकच होता. तो वापरून सिस्टिम सुधारण्याची पहिली जबाबदारी कोचची.

थोडक्यात नियम असा: चूक एकदा झाली तर खेळाडूची, तीच चूक पुन्हा पुन्हा झाली तर कोचची.

हा नुसता वादाचा विषय नाही. ज्या पोराची शेवटची चढाई फसते, त्याच्यावर सगळं खापर फुटतं. तो मैदानावर यायचा बंद होतो आणि खरा फॉल्ट तसाच राहतो.

अजून पटत नसेल तर असं बघा. एकाला केटी लागली तर दोष त्याचा. अख्ख्या वर्गाला लागली तर... पुढचं लिहीत नाही, माझं सबमिशन अजून बाकी आहे!