इंडक्शन शेगडी घेताय? आधी भांडी पारखा

नगर शहरात काय आणि राहुरी-नेवाशाच्या वस्त्यांत काय, गॅसच्या जोडीला इंडक्शन शेगडी घेणारी घरे वाढली आहेत. वस्त्यांत फिरताना आम्हांला मात्र एकच तक्रार ऐकू येते: शेगडी आणली, पण घरातले निम्मे भांडे चालेना! कष्टाच्या पैशातून मग नवा संच घ्यावा लागतो. थोडी माहिती असेल तर हा खर्च टळतो.

या शेगडीत जाळ नसतो. काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून निघणारे चुंबकीय क्षेत्र भांड्याचे लोखंडी बूडच तापवते. म्हणून ॲल्युमिनियमचे पातेले, पितळेची परात, तांब्याचे भांडे, मातीचे खापर यांवर ती चालत नाही.

ओळखायचे कसे? साधा चुंबक घ्या आणि भांड्याच्या बुडाला लावा. घट्ट चिकटला तर भांडे चालेल. स्टीलबाबत जपून राहा. ३०४ प्रतीच्या महाग स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही, ४३० प्रतीच्या स्टीलला चिकटतो. चकाकी किंवा किंमत पाहून हे कळत नाही. कापड बाजारात भांडी घ्यायला जाताना चुंबक पिशवीत असू द्या. बूड सपाट हवे; फूटपट्टी आडवी धरली की फट दिसते.

आपल्या घरचा मुख्य प्रश्न बाजरीच्या भाकरीचा. खोलगट तवा इथे नीट तापत नाही. सपाट लोखंडी तवा लागतो. भाकरी निखाऱ्यावर फुलवता येत नाही, तव्यावरच फडक्याने दाबून शेकावी लागते.

सर्व भांडी बदलू नका. सपाट तवा, एक पातेले आणि ‘इंडक्शन बेस’चा कुकर एवढ्यावर निभावते. जुनी ॲल्युमिनियमची भांडी गॅसवर वापरा; वीज गेली की गॅसच कामी येतो.

शेवटी महत्त्वाचे. २००० वॅटची शेगडी पूर्ण ताकदीने अर्धा तास चालली की १ युनिट जळते आणि ती सुमारे ९ अँपिअर वीज ओढते. पंख्याच्या, मोबाईलच्या ६ अँपिअरच्या लहान सॉकेटला ती जोडू नये. तारा तापून आग लागू शकते. अर्थिंगसह १६ अँपिअरचे सॉकेट वायरमनकडून बसवून घ्यावे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी घरमालकाशी आधी बोलावे. भांडे नंतरही घेता येते, जीव नाही.