अंगठ्याचा तोतया

पानिपतच्या रणांगणावर १७६१ सालीं सदाशिवरावभाऊ पडले. पुढें "भाऊ तो मीच" असें सांगत एक इसम उभा राहिला, कोंकणांत त्यानें फौज जमवून किल्ले घेतले, आणि अखेर १७७६ सालीं पुण्यास त्यास देहान्त शासन झालें. भाऊसाहेबांच्या तोतयाची ही हकीकत आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्या तोतयास निदान भाऊसाहेबांसारखा तोंडवळा दाखवावा लागला. हल्लींच्या तोतयास त्याचीहि गरज नाहीं. तुमचा आधार क्रमांक, मोबाइलवर आलेला ओटीपी, किंवा तुमच्या अंगठ्याचा ठसा हातीं लागला कीं त्याचें काम भागतें; आणि तुम्ही त्या वेळीं आपल्या शेतांत पाभर हांकीत असतां.

अंगठ्याची गोष्ट विशेष विचार करण्यासारखी आहे. १८५८ सालीं बंगाल्यांत जंगीपूर येथें विल्यम हर्शेल नांवाच्या मुलकी अंमलदारानें एका मक्तेदाराकडून करारनाम्यावर पंजाचा ठसा घेतला. पुढें १८७७ च्या सुमारास हुगळी येथें त्यानें दस्तनोंदणीच्या व पेन्शनीच्या कामीं बोटांचे ठसे घेण्यास आरंभ केला. हेतु हा कीं, एकाच्या नांवावर दुसरा उभा राहूं नये. आज त्याच उपायाचें हत्यार झालें आहे. २०१८ सालीं तेलंगणांत एका सिमकार्ड विकणाऱ्यानें संकेतस्थळावरील जमिनीच्या दस्तांवरून अंगठ्याचे ठसे उतरून घेतले, त्यांच्या रबरी प्रती बनविल्या आणि परक्यांच्या नांवांवर सिमकार्डें चालू केलीं. याच युक्तीनें बँकेंतील पैसेहि काढतां येतात. गांवोगांवच्या बँक मित्राच्या यंत्रावर आधार क्रमांक, बँकेचें नांव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर रक्कम मिळते. तेथें ओटीपी लागत नाहीं. म्हाताऱ्या माणसांच्या सोयीसाठीं केलेली ही रीत उत्तम आहे. परंतु सोयाबीनचे पैसे ज्या आठवड्यांत जमा झाले त्याच आठवड्यांत खातें रिकामें होण्याची वाटहि तीच आहे.

खळ्यावरील धान्यास राखण ठेवणारा शेतकरी आपला अंगठा मात्र उघडा टाकतो, हें बरें नव्हे. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर व ॲपवर ठशांस कुलूप घालण्याची सोय आहे. तीस पैसा पडत नाहीं. कुलूप असेपर्यंत तुमचा ठसा कोणत्याहि यंत्रावर चालत नाहीं. रेशन दुकानांत अंगठा लावण्याचे वेळीं तें तात्पुरतें उघडावें. थोड्या वेळानें तें आपोआप पुन्हां बंद होतें. याकरितां मोबाइल क्रमांक आधारास जोडलेला पाहिजे. नसल्यास प्रथम आधार केंद्रावर जाऊन जोडून घ्यावा. आधाराची प्रत देणें प्राप्त झाल्यास शेवटचे चारच आंकडे दिसतील अशी प्रत द्यावी, आणि तीवर कोणत्या कामासाठीं व कोणत्या तारखेस दिली तें लिहावें. आपल्या नांवावर किती सिमकार्डें चालू आहेत हें 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर पाहतां येतें. परकें आढळल्यास तेथेंच कळवावें. किसान सन्मान निधीचा हप्ता अडला आहे, ही फाइल उघडा, असा निरोप व्हॉट्सॲपवर आल्यास ती फाइल उघडूं नये; तिच्या वाटेनें तुमचे ओटीपी परक्याच्या हातीं जातात.

आतां जमिनीविषयीं. खातें रिकामें झालें तर एक हंगाम बुडतो. जमीन गेली तर घराणें बुडतें. मालक मुंबईस नोकरीवर, आई गांवीं एकटी, सातबाऱ्यावर चार भावांचीं नांवें, अशा ठिकाणीं बनावट आधार घेऊन तोतया खरेदीखतावर सही करण्याचा धोका अधिक असतो. सबब दर महिन्यास एकदां तरी आपला सातबारा संगणकावर उघडून पाहावा, आणि महाभूमीच्या 'आपली चावडी' या सदरांत आपल्या गटाचा फेरफार निघाला आहे काय तें तपासावें. फेरफाराची नोटीस आल्यापासून पंधरा दिवसांच्या आंत लेखी हरकत देऊन पोंच घ्यावी. फेरफार मंजूर झाला तरी धीर सोडूं नये. ती महसुली नोंद आहे. तिनें मालकी ठरत नाहीं, आणि तोतयानें केलेल्या विक्रीनें खऱ्या मालकाचा हक्क जात नाहीं. मात्र स्वस्थ बसणें घातक होय. प्रांताधिकाऱ्याकडे अपील करावें, आणि दस्त रद्द करण्याचा दावा गोष्ट कळल्यापासून तीन वर्षांच्या आंत दिवाणी न्यायालयांत लावावा. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ८२ अन्वयें तोतयेगिरीस सात वर्षांपर्यंत कैद आहे.

खात्यांतून पैसे गेले तर काय करावें? प्रथम १९३० हा क्रमांक लावावा. चोरलेली रक्कम एका खात्यांतून दुसऱ्यांत, तेथून तिसऱ्यांत पळविली जाते. तक्रार लवकर झाल्यास ती वाटेंतच अडविण्याचा संभव असतो. एक तास गेला तर बांध फुटून पाणी निघून जावें तसें होतें. नंतर बँकेस लेखी कळवून पोंच घ्यावी, ठशांस कुलूप घालावें, आणि तक्रारीचा क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यावर जावें. खातेदाराची चूक नसतां तिऱ्हाइतानें रक्कम काढली व बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांच्या आंत कळविलें, तर खातेदारावर तोशीस पडूं नये, असा दंडक रिझर्व्ह बँकेनें २०१७ सालीं घालून दिला. शेवटीं पतअहवाल मागवावा. तो वर्षांतून एकदां विनामूल्य मिळतो. तुमच्या नांवावर कोणी कर्ज काढलें असल्यास तेथें तें दिसतें.

फसलेला मनुष्य लाजेनें गप्प बसतो, असें आम्ही पाहतों. चार लोक हंसतील या भीतीनें तो दोन दिवस घालवितो, आणि तेवढेच दिवस चोरास हवे असतात. चोरी झाली यांत लाज चोरास वाटावी, धन्यास नव्हे.

आमचे वाचक लिहितेवाचते आहेत. त्यांनीं स्वतःपुरतें पाहून थांबूं नये. आपल्या भावकींतील विधवा, शेजारचा वृद्ध, आपल्याकडे राबणारा गडी, यांस हीं कुलपें घालतां येत नाहींत. सोसायटीच्या पुढील सभेस एखाद्या जाणत्या मुलास बसवून प्रत्येक सभासदानें स्वतःचें व आणखी एकाचें कुलूप घालून घ्यावें, आणि १९३० हा आंकडा घरच्या भिंतीवर खडूनें लिहून ठेवावा, एवढीच आमची विनंती आहे.