पश्च आसाचे धारवे व तेलरोधक कडी

मोटारगाडीच्या मागील चाकाच्या दंडाला फिरताना आधार देणारा भाग म्हणजे धारवा होय. आसातील वंगण तेल चाकाकडे जाऊ न देणाऱ्या भागास तेलरोधक कडे म्हणतात. व्यवहारात हे भाग बेअरिंग व ऑइल सील या नावांनी ओळखले जातात. मुंबईतील कुर्ला येथे तयार झालेल्या फियाट ११०० व प्रीमियर पद्मिनी या जुन्या गाड्यांची जपणूक करताना हे भाग बदलावे लागतात.

रचना : अशा गाड्यांत चाकाचा दंड चाक फिरवितो व गाडीचा भारही पेलतो. धारवा दंडावर घट्ट बसविलेला असून त्यामागे पोलादी पकडकडे असते. हे कडे सरकल्यास दंड चाकासह बाहेर येण्याचा धोका असतो.

दोष : धारवा झिजला की चाकातून घरघर ऐकू येते व दंड वरखाली हलू लागतो. त्यामुळे कड्याची लवचिक कडा दंडाला सर्वत्र टेकत नाही आणि तेल गतिरोधकाच्या ड्रममध्ये उतरते. आसाचे वायुछिद्र चिखलाने बुजल्यास आत दाब वाढून नव्या कड्यातूनही तेल झिरपते. तेलकट अस्तराची पकड कमी होते. सु. १,१०० मी. उंचीवरील चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना असा दोष घातक ठरू शकतो. हातगतिरोधकही मागील चाकांवरच चालत असल्याने चढावर उभी केलेली गाडी घसरण्याचा संभव असतो.

बदलण्याची रीत : पुढील चाकांना अडण लावून गाडीचा मागील भाग भक्कम टेकूंवर ठेवतात. चाक व ड्रम काढून, धरपट्टीचे नट सोडवून दंड ओढून घेतात. जुने पकडकडे दंडाला इजा न करता छिद्र पाडून व छिन्नीने फोडून काढतात. ते पुन्हा वापरीत नाहीत. धरपट्टी आधी दंडावर ओवून नवा धारवा आतील कड्यावर दाब देऊन बसवितात. बाहेरील कड्यावर दाब दिल्यास गोळ्यांचे मार्ग दबतात. नवे पकडकडे तापवून चढवितात व निवेपर्यंत धारव्यास टेकवून धरतात. तेलरोधकाची कडा तेलाच्या बाजूस ठेवून तिला वंगण लावतात. दंडावर खाच पडली असल्यास नवे कडेही निरुपयोगी ठरते. शेवटी वायुछिद्र साफ करून तेलाची पातळी पाहतात. तेल मुरलेली अस्तरे पुसून भागत नाही. ती दोन्ही बाजूंची बदलणे आवश्यक असते, अन्यथा गाडी गतिरोधनाच्या वेळी एका बाजूस ओढली जाते.