डोंगराचा शिक्का पुरेसा नाही

जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसती ‘एम प्लस एस’ अक्षरं असलेला टायर हिवाळी टायर म्हणून धरला जात नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, हे चिन्ह हवंच. म्युनिक-श्टुटगार्टकडच्या मराठी घरांत ही बातमी ६० युरो दंडासकट पोचली असेल. नव्या टायरने दंड टळेल. घसरणीच्या रस्त्यावर गाडी वेळेत थांबेल का, हे मात्र त्या चिन्हावरून पुरतं कळत नाही.

जुनी अक्षरं गेली हे उत्तम झालं. त्यांच्यामागे कसलीच चाचणी नव्हती, खाचा रुंद असल्या की ती उमटत. डोंगराचं चिन्ह चाचणी दिल्याशिवाय मिळत नाही. पण ती चाचणी असते दाबून घट्ट झालेल्या हिमावर. गोठून काच झालेल्या रस्त्यावर टायर कसा वागेल, हे तिथे तपासतच नाहीत. आणि त्या काचेवरही माणसं दगावतात.

कडाक्याच्या थंडीत, उणे वीसला, बर्फ कोरडा असतो आणि त्यावर बऱ्यापैकी पकड मिळते. खरा धोका शून्याच्या आसपास. बर्फावर पाण्याचा पातळ थर राहतो आणि रबर त्यावर तरंगतं. हे पाणी हटवायचं कसं, याचं सर्वांत सुंदर उत्तर मला जपानचं वाटतं. सप्पोरो, सेंदाईसारख्या शहरांत खिळ्यांचे टायर डांबर खरवडत आणि हिवाळाभर हवेत धूळ भरून राही. लोकांनी आवाज उठवला, १९९० मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला. त्याआधीच, १९८८ मध्ये, ब्रिजस्टोनने ‘ब्लिझॅक’ आणला होता: रबरातच सूक्ष्म छिद्रं, जी टीपकागदासारखी पाणी ओढून घेतात. जोडीला नक्षीच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा, त्यांच्या कडा बर्फाला धरतात. नागरिकांच्या फुप्फुसांची काळजी घेताना टायरही सुधारला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

म्हणून दुकानात शिरण्याआधी आपला रस्ता आठवावा. स्वीडन-फिनलंडमध्ये राहत असाल, तर युरोपीय लेबलवर बर्फावरच्या पकडीचं वेगळं चिन्ह असतं, २०२१ पासून, तेच बघा. म्युनिकमध्ये मात्र तो नॉर्डिक टायर घेऊ नका. त्याचं रबर फार मऊ. ओल्या ऑटोबानवर ब्रेक दाबल्यावर गाडी जास्त अंतर जाते, आणि जर्मनीतला हिवाळा बहुतेक दिवस ओलाच असतो. तिथे मध्य युरोपासाठी बनवलेला टायर बरा. बारमाही टायरवर डोंगराचं चिन्ह असेल तर तो कायद्याने चालतो, पण आल्प्सकडे वारंवार जाणाऱ्यांनी त्यावर विसंबू नये असं मला ठामपणे वाटतं.

जुने टायर घेणाऱ्यांनी नक्षीची खोली मोजावी. जर्मन कायदा १.६ मिलिमीटरवर समाधानी आहे. शेजारच्या ऑस्ट्रियात हिवाळी टायरला ४ मिलिमीटर लागतात, आणि माझ्या मते ऑस्ट्रियाचंच बरोबर आहे. बाजूवरच्या ‘डॉट’ क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचावेत: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आणि पैसे वाचवायला फक्त पुढचे दोनच टायर बदलू नका. पुढची चाकं रस्ता धरतात, मागची सुटतात आणि वळणावर गाडी गर्रकन फिरते.